नावाला पॉलिश

धाड या बाजाराच्या गावाअलीकडे, गावरस्ता जिथं डांबरी सडकेला येऊन मिळतो, त्या फाट्यावर शेषराव पडोळांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. फक्त शेषराव म्हणून कोणी ओळखत नव्हतं, एवढंच. दूधवाला म्हणे, "मॅडमचे मिस्टर चालले." कृषी केंद्रवाला बियाण्याची पिशवी पुढं सरकवत विचारी, "काय म्हणतात मॅडम?" पुष्पांजलीबाईंनी त्या पट्ट्यातल्या दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली होती. शेषरावांनी तेवढ्याच काळात सोयाबीन पिकवलं, कपाशी पिकवली, विहीर खणली, बांधावर लिंबं लावली. पण डाळ-भाकर खाऊन उठलेला माणूस पिकवणाऱ्याचं नाव विचारत नाही, आणि अक्षर गिरवलेला माणूस मरेपर्यंत बाईंचं नाव घेतो. जगाची रीतच अशी. शेषरावांना त्याचा राग नव्हता. बाईंचा तर मुळीच नव्हता. पण एकदा विमा कंपनीचा फोन आला, पलीकडच्या मुलीनं "कोण बोलताय?" विचारलं, आणि शेषरावांच्या तोंडून आपसूक निघालं, "मी मॅडमच्या घरून बोलतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी पॉलिसीचा कागद काढला आणि त्यावरचं आपलं नाव दोनदा वाचलं.

त्याच उन्हाळ्यात सडक रुंद झाली आणि फाट्यावरचा जुना पत्र्याचा निवारा गेला. शेषराव उठले, सरळ सरपंच बेबीताईंच्या घरी गेले.

"ताई, फाट्यावरचा निवारा मी बांधून देतो. फकस्त नाव लागलं पाहिजे."

"वा, वा! लावू ना भाऊ. मॅडमचं नाव लावाले गावाची ना थोडीच हाये?"

"मॅडमचं नाही. माहं."

"तुमचं?"

"हाव. मले बी हाये नाव."

"हाये ना! मले काय माईत नाही का?" बेबीताई हसल्या. मग हसता हसता थांबल्या, आणि पदराचं टोक चाचपत म्हणाल्या, "ठरावात लिहा लागन म्हणून इचारतो. पुरं नाव सांगा बरं एकडाव."

निवारा बांधून झाला. 'प्रवासी निवारा' एवढे दोन शब्द पेंटरनं निळ्या रंगात रंगवून टाकले, भिंतीच्या खालच्या अंगाला. पण वर जे नाव यायचं होतं, त्याला शेषरावांनी ब्रश लागू दिला नाही. रंगाचं काय, दोन पावसाळे झाले की पोपडे. दगडात कोरलं तर धूळ भरते. बुलढाण्याला एका बँकेच्या दारावर त्यांनी स्टीलची अक्षरं पाहिली होती. स्टील गंजत नाही, झडत नाही, आणि कोणाच्या पोराला खिळ्यानं खरवडून त्यावर बदाम काढता येत नाही.

अक्षरं करायला ते गोकुळकडे गेले. धाडच्या बाजाराच्या मैदानामागं गोकुळचं पत्र्याचं शेड होतं. वाळूजच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला होता, परत आला आणि इथं मोटर लावून बसला. फवारणी पंपाचे नोझल, डेअरीच्या तोट्या, झाकणाच्या मुठी, दाराच्या कड्या, असली बारकी बारकी स्टीलची कामं त्याच्याकडं येत. काळीकुट्ट येत आणि नवऱ्या मुलासारखी होऊन जात.

"कसं पायजे काका?" गोकुळनं तीन तुकडे पुढं ठेवले. "हे मॅट. हे ब्रश मारेल, याच्यावर बारीक रेघा दिसते. अन् हे मिरर."

"सगळ्यात चमकदार कोनतं?"

"मिररच्या वर काही नाही."

शेषरावांनी तो तुकडा डोळ्यांसमोर धरला. त्यांची अर्धी मिशी आणि एक नाकपुडी त्यात स्पष्ट दिसली.

"मंग हेच. तोंड दिसलं पायजे, असं कर."

मागणारा मागून जातो, आणि देणारा खरंच देतो, तिथून पुढची गोष्ट सुरू होते.

अक्षरं कापून आली ती वीतभर उंच, तीन बोटं जाड. काने वेगळे, मात्रा वेगळ्या. बाजूंना कापल्याचे निळसर डाग, कडांना कुसळं. शेषराव रोज सकाळी डबा घेऊन गोकुळच्या शेडमध्ये जाऊन बसू लागले. आधी कडा कानशीनं मोडायच्या. मग पॉलिश पेपर, खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. आणि दर वेळी घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा दुसऱ्या रेघांनी खाल्ल्या की नाही ते कळतं. मग मोटरीवर सुतळीचं टणक चाक, त्याला पॉलिशच्या तपकिरी मसाल्याची वडी. शेवटी मऊ कापडाचं चाक आणि हिरवी वडी. जोर जास्त झाला की स्टील तापून पिवळं पडायचं. जोर कमी झाला की चमक धुरकट राहायची, जणू कोणी तोंडाची वाफ टाकली आहे.

"हात लावू नका ना काका! घामाचा ठसा बसते."

"माह्याच नावाले मी हात नाही लावू?"

"पुसून झाल्यावर लावा. तवर ते तुमचं नाही, माहं हाये."

सगळ्यात छळलं ते पोटफोड्या 'ष'नं. त्याच्या पोटातल्या तिरक्या दांडीखालचा जो कोपरा, तिथं चाक शिरत नव्हतं. गोकुळनं बांबूच्या कामटीला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा बांधला, मसाला लावला आणि कोपरा हातानं घासायला लागला. ते काम शेषरावांनी मागून घेतलं. दुपारभर ते 'ष'च्या पोटात कामटी फिरवत बसत. जात्यावर बसलेल्या बाईला जशी ओवी येते तसं त्यांना काहीबाही गुणगुणायला येई. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावाशी त्यांची एवढी जवळीक झाली होती.

शेवटचा तेलकटपणा काढायला गोकुळला पांढरी भुकटी लागायची. ती संपली तेव्हा शेषरावांनी घरच्या कपाटातून खडूची पेटी काढली.

"काय हो, खडू कशाला?" पुष्पांजलीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाव घासाले."

"बरं आहे. आमच्या वर्गात पोरं नाव काढायला खडू घ्यायची. तुमचा वर्ग निराळा दिसतोय."

भिंतीचं शेषरावांनी मग नव्यानं ठरवलं. फाटा म्हणजे पानतंबाखूवाल्यांचं माहेर. रंगवलेली भिंत आठवडाभरात लाल होते. म्हणून सडकेकडच्या भिंतीवर त्यांनी वरपासून खालपर्यंत पांढऱ्याशुभ्र फरशा लावून घेतल्या. पांढऱ्यावर थुंकायला माणूस लाजतो, आणि लाजला नाहीच तर पाणी मारलं की साफ. 'प्रवासी निवारा' पुन्हा निळ्या रंगानं फरशीवर लिहून घेतलं. कल्पना सगळ्यांना पटली. गोकुळलाही पटली.

अक्षरं तयार झाली त्या दिवशी गोकुळनं ती शेडमधल्या काळ्या रबरी चटईवर ओळीनं मांडली. शे. ष. रा. व. प. डो. ळ. अवसेच्या रात्री आभाळात चांदण्या मांडाव्या तसं नाव चमकत होतं. गोकुळनं नाक ओढलं, आणि शेषरावांनी मसाला डोळ्यात गेल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

उद्घाटन ऐन दुपारी झालं. बेबीताईंनी पडदा ओढला, टाळ्या वाजल्या. मग टाळ्या हळूहळू विरल्या आणि माणसं पुढं सरकली. सडकेपलीकडचं पांढरं आभाळ फरशीवर सांडलं होतं, तेच आभाळ अक्षरांत उतरलं होतं. पांढऱ्यावर पांढरं. अक्षर कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते, देवाला माहीत. दिसत होतं ते एवढंच, की जवळ जाईल त्याचं तोंड. बेबीताईंनी 'रा'च्या कान्यात पदर सारखा केला. तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी खिशातून कंगवा काढला आणि 'प'समोर उभं राहून भांग नीट केला. फोटोवाल्यानं पाचसहा फोटो घेतले. प्रत्येकात त्याचाच चौकड्याचा शर्ट आला.

"मस्त झालं हो भाऊ," बेबीताई म्हणाल्या. माइक हातात घेऊन त्यांनी भाषण केलं, "आपल्या पडोळ मॅडमच्या मिस्टरांनी आज फाट्याचं नाव रोशन केलं."

शेषराव हार घालून खुर्चीवर बसले होते. त्यांना वाटलं, पहिला दिवस आहे. सवय नाही लोकांना. वाचतील.

लोकांना सवय झाली, आणि लवकर झाली. कॉलेजच्या पोरी एस्टीची वाट बघत 'डो'मध्ये टिकली सरळ करू लागल्या. पोरांनी 'व'च्या गोलात मिशीला पीळ भरला. बाजाराच्या दिवशी अक्षरांपुढं रांग लागे. महिन्याभरात कंडक्टर ओरडायला लागला, "आरसा! आरशाले कोन हाये उतरनार?" फाट्याचं नाव 'आरशाचा फाटा' पडलं. शेषराव कुठं जायचं नसलं तरी तिथं बाकावर जाऊन बसत आणि कान देऊन ऐकत. एकदा जनकाबाई, कोथिंबिरीची पाटी घेऊन धाडच्या बाजाराला जाणारी म्हातारी, भिंतीपुढं उभी राहून कुंकू नीट करता करता आपल्याशीच म्हणाली,

"फाट्यावरल्या भिंतीत तेज आरशाचं मांडलेलं,
माझ्या कुंकवाच्या खाली नाव कोणाचं सांडलेलं."

शेषराव चमकले. हिला कळलं! ते बाकावरून अर्धे उठले. "कोनाचं नाव हाये बाई ते?"

"काय माईत बावा," जनकाबाई पाटी उचलत म्हणाली. "गान्यात आलं म्हणून म्हटलं."

शेवटी त्यांनी बाईंनाच फाट्यावर नेलं. म्हटलं, जन्मभर वाचायला शिकवलेली बाई आहे, हिला नाही वाचता आलं तर कोणाला येणार? पुष्पांजलीबाई भिंतीपुढं उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "अहो, माझे केस फारच पांढरे झाले हो. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय लिहेल हाये ते सांगा."

"मला ठाऊक आहे काय लिहिलंय. पण ठाऊक असणं निराळं आणि वाचणं निराळं." त्यांनी शेषरावांच्या बाहीवर हात ठेवला. "दिसलं असतं तर वाचलं असतं हो."

नाव झालं नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. नाव झालं होतं, गोकुळचं. "ते आरसे कोनं केले?" असं जो तो विचारी आणि गोकुळच्या शेडपुढं गाड्या उभ्या राहत. चिखलीहून कोणी गाडीच्या सायलेन्सरच्या नळीला पॉलिश मारून घ्यायला आला, कोणी देवघराच्या कड्या घेऊन आलं. शेषराव तिथं गेले तेव्हा त्यांना बसायला जागा नव्हती.

"गोकुळ, अक्षरं उतरवून घे. जरा मंद कर. रेघा मार त्याच्यावर."

चाक फिरायचं थांबलं. "काका, काय बोलून राह्यले?"

"वाचता येत नाही बे नाव."

"नाव घेऊन काय करता? लोकं रोज त्याच्यात पाह्यते! आजवर कोन्या पाटीकडं कोनं एवढं पाह्यलं का?" गोकुळच्या आवाजात खरंच दुखावलेपण होतं. "तुमी माह्या लेकीच्या तोंडाले राख फासा म्हनून राह्यले. दुसरं काही सांगा. हे नाही होत माह्याच्यानं."

शेषराव वळले. निघताना गोकुळच्या पेटीतला पॉलिश पेपर, सगळ्यात खरखरीत, त्यांनी घडी करून खिशात घातला.

दोन दिवसांनी ऊन उतरणीला लागलं असताना ते फाट्यावर गेले. निवाऱ्यात कोणी नव्हतं. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला उपरणं बांधून त्यांनी 'शे'वर कागद टेकवला आणि घासायला सुरुवात केली. कर्र, कर्र. ज्या हातानं दुपारभर 'ष'चा कोपरा चमकवला, तोच हात. चमक करायला तीन तऱ्हेचे कागद, दोन चाकं, खडूची पेटी लागली होती. ती घालवायला हाताचे दहापाच फराटे पुरले. 'शे' राखाडी झाला. आणि पांढऱ्या फरशीवर, लख्ख उन्हात, पहिल्यांदा अक्षर उभं राहिलं. रस्त्याच्या कडेला जाऊन त्यांनी पाहिलं. वाचता येत होतं! शे. लहान पोरानं पाटीवर पहिलं अक्षर काढावं तसे ते स्वतःशीच हसले आणि 'ष'कडे वळले.

तेवढ्यात धाडहून प्रसेनजितची काळीपिवळी जीप येऊन थांबली. बाजार उठला होता. आत जनकाबाई रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसलेली, आणि अर्पिता म्हणून गावातलीच एक कॉलेजची पोरगी. प्रसेनजितनं खिडकीतून मुंडकं काढलं.

"ओ बाबा! ओ! काय करून राह्यले?"

"घासून राह्यलो."

"कोनाले इचारून?"

"मालकाले."

"कोन मालक?"

शेषरावांनी कागदासकट हात वर केला. "वाच ना. लिहेल हाये."

प्रसेनजित खाली उतरला, भिंतीपुढं आला, आणि सवयीनं हात केसांवर गेला. "काय लिहेल हाये? प्रवासी निवारा. ते तं माईत हाये."

"त्याच्या वर."

"वर आरसे हायेत."

अर्पिता मोबाइल पुढं धरून आली. "आजोबा, ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मी व्हिडिओ काढून राह्यली. नाव सांगा तुमचं." मग स्क्रीनकडं बघत कपाळाला आठी घातली. "थांबा, ह्यात मीच येऊन राह्यली."

नाव सांगणं सोपं होतं. तोंड उघडायचं आणि बोलायचं. पण स्वतःच्या तोंडानंच सांगायचं होतं तर ते लिंबाखाली बसूनही सांगता आलं असतं, फुकटात. शेषरावांनी राखाडी 'शे'कडं बोट केलं. "पोरी, तुले वाचता येते ना? एक अक्षर तं दिसून राह्यलं. ते वाच."

अर्पितानं डोळे बारीक केले. "शे."

"हां!"

"शेगाव असन," जनकाबाई जीपमधून म्हणाली. "कितीक लांब हाये ते लिहेल असन."

"शेगाव इकडून कुठं हो आजी," प्रसेनजित म्हणाला. "शेतकरी असन. शेतकरी प्रवासी निवारा. बराबर?"

"त्याच्या पुढचं अक्षर वाच," शेषराव जवळजवळ विनवणीनं म्हणाले.

अर्पिता एक पाऊल पुढं झाली. "पुढं माझं नाक आहे."

ते पुन्हा 'ष'वर कागद टेकवणार तोच जनकाबाई खाली उतरली. गुडघे धरत भिंतीपाशी आली आणि त्यांच्या नि अक्षराच्या मधे उभी राहिली.

"राहू द्या ना बावा. नका घासू. घरचा आरसा सुनेच्या खोलीत हाये. तिथं जाऊन उभं राहाले मले बरं नाही वाटत. इथं कोनाले इचारा लागत नाही." तिनं 'रा'मध्ये एक डोळा, 'व'मध्ये दुसरा असं स्वतःला जुळवून पाहिलं. "ज्यानं कोनं लावले, त्याचं भलं हो."

शेषरावांचा हात खाली आला. कागद त्यांनी खिशात घातला, तोंडावरचं उपरणं सोडलं.

आता प्रसेनजितनं त्यांच्याकडं नीट पाहिलं, आणि एकदम कपाळावर हात मारला. "अबे! हे तं पडोळ मॅडमचे मिस्टर हायेत! मॅडमनं शिकवलं ना मले, चौथीपर्यंत!"

"अगं बाई, मॅडमचे?" अर्पितानं घाईघाईनं व्हिडिओ पुसून टाकला. "आधी नाही का सांगायचं आजोबा!" तिनं रुमाल ओला केला आणि 'शे'वर जोरजोरात घासायला लागली, गेलेली चमक परत यावी म्हणून.

सगळ्यांनी मिळून त्यांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. मॅडमच्या माणसाला मागं बसवणं बरं दिसलं नसतं. जीप गावरस्त्याला लागली. मागं गप्पा सुरू झाल्या, मॅडमच्या छडीच्या, मॅडमच्या गाण्याच्या. सूर्य टेकडीआड गेला होता. शेषरावांनी सहज मान खिडकीबाहेर काढून मागं पाहिलं.

आभाळाची पांढरी कळा उतरली होती. आता भिंतीसमोर उरलं होतं ते सडकेपलीकडचं नांगरलेलं काळं रान, आणि ते सगळंच्या सगळं अक्षरांत भरलं होतं. पांढऱ्या फरशीवर अक्षरं काजळासारखी काळी, ठसठशीत, लांबूनही वाचावी अशी उमटली होती. षराव पडोळ. घासलेला 'शे' तेवढा फिक्या फरशीत विरघळून गेला होता. होता की नव्हता, कळत नव्हतं.

"थांबव," शेषराव म्हणाले. "गाडी थांबव बे! मांगं पाहा सगळे!"

प्रसेनजितनं ब्रेक दाबला. "काऊन जी? मॅडमनं काही आनाले सांगतलं होतं का?"

माना वळल्या. पण तोवर वळणावरून बुलढाण्याची एस्टी आली, तिचे दिवे भिंतीवर पडले आणि सगळी अक्षरं एकदम पेटली.

"काय चमकते वो माय!" जनकाबाई म्हणाली.

शेषरावांनी डोळे दिपेपर्यंत पाहिलं. मग मान आत घेतली.

"चाल बे," ते म्हणाले.